माझं मत, आजच्यापुरतं तुझ्याकडे

१८ सप्टेंबर २०११. बर्लिनच्या विधानसभेचे निकाल लागले आणि एका पोरसवदा पक्षाला ८.९ टक्के मतं मिळाली. पक्षाचं नाव पायरेट पार्टी. होय, पायरेट म्हणजे समुद्रावरचे चाचे! जर्मनीत पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा मिळतात आणि पक्षाने दिलेल्या यादीतले उमेदवार क्रमाने निवडून येतात. या हिशेबाने त्यांच्या वाट्याला पंधरा जागा आल्या. आणि त्यांच्या यादीत नावं किती होती? बरोबर पंधरा! यादीतला अगदी शेवटचा माणूससुद्धा आमदार झाला. आणखी एखादी जागा पदरात पडली असती, तर त्या खुर्चीवर बसवायला यादीत माणूसच उरला नसता.

हा पक्ष जन्मला तो १० सप्टेंबर २००६ रोजी, बर्लिनमधल्या सी-बेस नावाच्या हॅकर लोकांच्या अड्ड्यावर. ही जागा म्हणजे पूर्वी कधीतरी बर्लिनवर कोसळलेलं अंतराळयान आहे, अशी कथा तिथली मंडळी कौतुकाने सांगतात. कॉपीराइटचे जाचक कायदे, इंटरनेटवरची पाळत, माणसाचं खासगीपण हे यांचे जिव्हाळ्याचे विषय. त्याच वर्षी स्वीडनमध्ये निघालेल्या याच नावाच्या पक्षाचं हे जर्मन भावंड.

पण मला या पक्षाचं वेड लागलं ते निवडणुकीमुळे नाही, त्यांच्या घरातल्या कारभारामुळे. एक साधा प्रश्न त्यांनी इतक्या गंभीरपणे घेतला, की त्यासाठी थेट सॉफ्टवेअर वापरायला काढलं. प्रश्न असा: हजारो सदस्यांच्या पक्षात निर्णय घ्यायचे कोणी?

या प्रश्नाची गंमत कळण्यासाठी बर्लिनच्या निकालापासून बरोबर शंभर वर्षं मागे जाऊ. १९११ साली रॉबर्ट मिशेल्स नावाच्या समाजशास्त्रज्ञाने जर्मनीतल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा अभ्यास करून एक ग्रंथ लिहिला. त्याने मुद्दाम असा पक्ष निवडला होता, की जो समतेची शपथ घेतो, कामगारांचा आहे, लोकशाही मानतो. आणि निष्कर्ष काय निघाला? पक्ष कितीही लोकशाहीवादी असू दे, मोठा झाला की सूत्रं मूठभरांच्या हातात जाणारच. याला त्याने पोलादी नियम म्हटलं.

का जाणार? लोभामुळे, कारस्थानामुळे? मिशेल्स तिथून सुरुवातच करत नाही. तो आधी साध्या व्यावहारिक अडचणी मोजतो. दहा हजार माणसं एका मैदानात जमली, तर सर्वात खणखणीत आवाजाच्या वक्त्याचा आवाजही मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. इतक्या लोकांना रोज जमवता येत नाही. प्रत्येकाचं म्हणणं ऐकायचं तर रात्र सरेल. मग प्रतिनिधी नेमा, मग त्यांचं कार्यालय, मग कार्यालयाचे पगारी लोक, आणि काही वर्षांनी कार्यालयालाच सगळी माहिती आणि सदस्याला फक्त वर्गणी!

आता नीट बघा. हा युक्तिवाद तांत्रिक मर्यादांच्या पायावर उभा आहे. आवाज पोचत नाही, माणसं जमत नाहीत, मोजणी होत नाही. पण आवाज पोचला तर? जमावंच लागलं नाही तर? मोजणी डोळ्याचं पातं लवायच्या आत झाली तर? मग तो पोलादी नियम वाकेल का?

आजकाल सगळेच पक्ष ‘डिजिटल’ असतात. आपल्याकडे २०१४ च्या नोव्हेंबरात भारतीय जनता पक्षाने मिस्ड कॉलवर सदस्यनोंदणी सुरू केली. ज्या देशात एक रुपया वाचवायला माणूस रिंग देऊन फोन ठेवायचा, तिथे त्याच सवयीतून पक्षाचं दार उघडणं ही मला फार चतुर युक्ती वाटते. पण ही झाली माणसं जोडण्याची गोष्ट. बर्लिनवाल्यांना सदस्याच्या हातात फक्त नंबर द्यायचा नव्हता, निर्णय द्यायचा होता. आणि हे कितीतरी अवघड आहे.

अवघड का, हे तुमच्या-माझ्या सोसायटीत कळतं. आमच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, की मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे बघतो. त्यांचा जन्म प्लंबिंगची कामं घेण्यात गेला. हिशेबाचा विषय आला, की सीए असलेल्या शेजारच्या वहिनींकडे. दोघांच्याही शब्दावर मी डोळे मिटून विश्वास टाकतो, पण अदलाबदल करून नाही! टाकीबद्दल वहिनींना आणि हिशेबाबद्दल काकांना विचारायला मी जाणार नाही. निवडणूक मात्र काय म्हणते? एकच माणूस निवड, सगळ्या विषयांसाठी, पाच वर्षांसाठी. आणि याच्या उलट टोक म्हणजे प्रत्येक बारीकसारीक विषयावर प्रत्येकाने स्वतः मत द्यायचं. एवढा वेळ कोणाकडे आहे? या दोन टोकांच्या मधली वाट म्हणजे तरल लोकशाही. बर्लिनमधल्या चौघा प्रोग्रॅमरनी तिच्यासाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं, सर्वांना फुकट वापरता येईल आणि उघडून बघता येईल असं. नाव ठेवलं लिक्विडफीडबॅक. २०१० च्या जानेवारीत बर्लिनच्या शाखेने ते वापरायला घेतलं आणि ऑगस्टमध्ये देशभरच्या पक्षाने.

त्यातली युक्ती ऐका. मी माझं मत दुसऱ्याकडे सोपवू शकतो. सगळ्या पक्षाच्या कारभारापुरतं सोपवू शकतो, किंवा एका क्षेत्रापुरतं, म्हणजे वाहतूक, शिक्षण असं, किंवा अगदी एकाच प्रश्नापुरतं. जे सोपवणं जास्त नेमकं, ते वरचढ. म्हणजे हिशेबाचं मत वहिनींकडे, टाकीचं काकांकडे, आणि उद्याच्या लिफ्टच्या प्रश्नापुरतं नुकत्याच राहायला आलेल्या इंजिनीअर मुलीकडे!

पुढची गंमत तर याहून मोठी. वहिनींनी करांच्या बाबतीत आपलं मत त्यांच्या गुरूंकडे सोपवलं असेल, तर माझं मत वहिनींच्या मतासकट पुढे सरकतं आणि गुरुजी तीन मतांच्या वजनाने मत देतात. विश्वास असा हातोहात प्रवास करतो. आणि मला अचानक वाटलं, की नाही, या विषयावर माझं स्वतःचं म्हणणं आहे? तर मी स्वतः मत द्यायचं. बस्स. त्या क्षणी माझं मत गुरुजींच्या खात्यातून माझ्याकडे परत! ना राजीनामा मागायचा, ना पाच वर्षं थांबायचं.

तुम्ही लगेच विचाराल, मी तुझ्याकडे सोपवलं, तू तिच्याकडे आणि तिने परत माझ्याकडे, तर? गोल गोल फिरत राहील की! त्याचीही सोय आहे. वर्तुळातल्या एकाने जरी स्वतः मत दिलं, तरी वर्तुळ तिथे तुटतं आणि बाकीच्यांची मतं त्याच्याकडे वाहत येतात. कोणीच दिलं नाही, तर कोणाचंच मोजलं जात नाही.

एका उमेदवाराला मिळालेली मतं त्याने आपल्या मर्जीने दुसऱ्याकडे वळवावीत, ही कल्पना मुळात कोणाची, ठाऊक आहे? १८८४ साली चार्ल्स डॉजसन नावाच्या ऑक्सफर्डच्या गणितज्ञाने ती एका पुस्तिकेत मांडली होती. हाच डॉजसन लुईस कॅरल या टोपणनावाने गोष्टी लिहायचा. सशाच्या बिळात पडलेल्या ॲलिसचा जन्मदाता तो हाच! (आपल्या सोसायटीत हा प्रयोग करायला जाऊ नका. १९६० चा महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा सांगतो, की सभासदाने मत द्यायचं ते स्वतः हजर राहून, प्रॉक्सी चालणार नाही.)

आता एक ठराव या यंत्रातून कसा जातो, ते जवळून पाहू. बर्लिनच्या पायरेट मंडळींची एक गाजलेली मागणी होती, शहरातल्या बस-रेल्वेत तिकीटच नको. समजा असा प्रस्ताव एका सदस्याने मांडला. त्या क्षेत्रात रस असलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा, साधारण दहा टक्के, ‘बघण्यासारखं आहे’ म्हणाला, की तो चर्चेला येतो. एवढा पाठिंबा मिळाला नाही, तर तो तिथेच विरतो. कोणी अध्यक्ष तो फेटाळत नाही, कारण या सगळ्या खेळात अध्यक्षच नाही!

चर्चेतही आरडाओरड्याला जागा नाही. तुम्ही सूचना करायची आणि बाकीच्यांनी तिच्यापुढे चारपैकी एक खूण करायची: हवंच, असावं, नसावं, नकोच. बाहेरगावच्या प्रवाशांचं काय करायचं, असं सगळं या खुणांमधून मांडणाऱ्याला दिसत राहतं. तो मसुदा सुधारतो किंवा सुधारत नाही. आणि प्रस्ताव मुळातच पसंत नसेल तर? नुसतं नाक मुरडून भागत नाही. स्वतःचा पर्यायी प्रस्ताव लिहा आणि शेजारी ठेवा. भांडणाची सगळी ताकद लिहिण्याकडे वळवणारा हा नियम मला विलक्षण देखणा वाटतो. मग एक दिवस मसुदे गोठतात, पुढे अक्षर हलवता येत नाही, आणि मतदान सुरू होतं.

पण थांबा. एकाच प्रश्नावर पाच पर्याय आले, तर मतं फुटणार नाहीत का? मतविभागणी हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. दोन सारख्या विचारांचे उमेदवार उभे राहिले, की तिसराच निवडून येतो, हे आपण गल्लीपासून दिल्लीपर्यंत पाहिलंय. म्हणून या सॉफ्टवेअरमध्ये एकावर शिक्का मारून मोकळं व्हायचं नसतं. पर्याय पसंतीच्या क्रमाने लावायचे असतात. आणि तिथे एक प्राचीन सापळा वाट बघत असतो.

रविवारची सकाळ, नाश्त्याला काय करायचं? दादाचा क्रम: मिसळ, मग पिठलं, मग खिचडी. ताईचा: पिठलं, खिचडी, मिसळ. आजीचा: खिचडी, मिसळ, पिठलं. आता दोन-दोन पदार्थांची झुंज लावा. मिसळ की पिठलं? दादा आणि आजी मिसळीच्या बाजूने, मिसळ जिंकली. पिठलं की खिचडी? दादा आणि ताई म्हणतात पिठलं. मिसळ पिठल्याला हरवते, पिठलं खिचडीला हरवतं, मग मिसळ खिचडीला हरवणारच, नाही का? मोजा बरं. ताई आणि आजी दोघींना मिसळीपेक्षा खिचडी बरी वाटते. खिचडी जिंकली! प्रत्येकाचं डोकं ठिकाणावर आहे, पण घराचं मिळून एक मत विचाराल तर ते स्वतःचीच शेपटी धरून गोल फिरतंय. फ्रान्सच्या कोंदोर्सेने हा चकवा १७८५ साली दाखवून दिला होता.

लिक्विडफीडबॅकने यावर घेतलेला उतारा मार्कुस शुल्झे या जर्मन माणसाचा आहे, १९९७ सालचा. दोन पर्यायांची थेट कुस्ती तर बघायचीच, पण एका पर्यायाकडून दुसऱ्याकडे विजयांच्या साखळ्यांनी कसं पोचता येतं, तेही बघायचं. मिसळीकडून पिठल्याकडे, पिठल्याकडून खिचडीकडे. प्रत्येक साखळीची ताकद तिच्यातल्या सर्वात कच्च्या कडीइतकी धरायची. मग ज्याच्याकडून निघणारी साखळी परतीच्या साखळीपेक्षा मजबूत, तो पुढे. आमच्या तिघांच्या घरात प्रत्येक कुस्ती २-१ अशीच सुटते, म्हणून तिढा सुटत नाही. पण शेकडो मतं आली, की कड्यांची जाडी वेगवेगळी होते आणि वर्तुळ सहसा सर्वात कच्च्या जागी तुटतं. या रीतीत एकासारखे एक दहा प्रस्ताव मांडले, तरी मतं फुटून कोणाचं नुकसान होत नाही. म्हणजे कोणीही सदस्य, कितीही नवखा, निर्धास्तपणे आपला पर्याय ठेवू शकतो. ‘तू उभा राहू नकोस, मतं खाशील’ असं त्याला कोणी म्हणूच शकत नाही. गणिताने दिलेलं केवढं मोठं स्वातंत्र्य!

तर मग वाकला का मिशेल्सचा नियम?

इथे गोष्ट आणखी रंगते. विश्वासाला वाट मोकळी करून दिली, की तो पाण्यासारखा काही ठिकाणी साचू लागतो. २०१२ साली ‘श्पीगेल’ या जर्मन साप्ताहिकाने जगाला एक गंमत सांगितली: पायरेट पार्टीतला सर्वात ताकदवान माणूस पक्षाचा पदाधिकारीच नाही! मार्टिन हाझे हे बाम्बर्ग विद्यापीठातले भाषाशास्त्राचे प्राध्यापक. इतक्या लोकांनी आपली मतं त्यांच्याकडे सोपवली होती, की त्यांनी एक बटण दाबलं तरी आकडे हलायचे. ना खुर्ची, ना गाडी, ना कार्यालय. मिशेल्सने हे पाहिलं असतं, तर मान डोलावली असती की डोळे विस्फारले असते?

मला वाटतं, दोन्ही. कारण पुढे संशोधकांनी २०१० ते २०१३ मधल्या सगळ्या नोंदी चाळल्या. जवळपास चौदा हजार सदस्य, पाच लाखांच्या आसपास मतं, सुमारे पंधरा हजार वेळा केलेली सोपवणूक. मतं मोजक्या लोकांकडे साचलेली दिसली, हे खरं. पण हे बडे मतदार बहुतेक वेळा बहुमताच्याच बाजूने उभे होते. एकट्याच्या वजनाने निकाल फिरवण्याची जी ताकद कागदावर त्यांच्याकडे होती, ती प्रत्यक्षात पुरती वापरलेली दिसली नाही. प्रत्येक मत कोणत्याही क्षणी परत जाऊ शकतं, हे माहीत असलेला माणूस वेगळा वागतो, असं मी तरी यातून समजतो.

आणि हे संशोधकांना चाळता आलं कसं? कारण सगळं उघडं होतं. कोणी कोणाकडे मत सोपवलं, कोणी काय मत दिलं, सदस्यांना सगळं दिसायचं. या उघडेपणाची किंमत कळण्यासाठी आल्प्स ओलांडून इटलीत डोकावून येऊ.

तिथे विनोदी नट बेप्पे ग्रिल्लो आणि इंटरनेटच्या धंद्यातले जानरोबेर्तो कासालेज्जो यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये फाइव्ह स्टार मूव्हमेंट काढली. २०१६ मध्ये तिचं ऑनलाइन व्यासपीठ सुरू झालं. त्याला तत्त्वज्ञ रूसोचं नाव दिलं, कारण जनतेची सत्ता दुसऱ्या कोणी प्रतिनिधी म्हणून चालवूच शकत नाही, असं रूसो म्हणायचा. या व्यासपीठाची झेप बघा: ३ सप्टेंबर २०१९ रोजी इटलीत नवं सरकार बनायचं की नाही, हे पक्षाच्या सदस्यांच्या क्लिकवर येऊन थांबलं. सुमारे ७९ हजार जणांनी मत दिलं, त्यातले ७९ टक्के ‘हो’ म्हणाले आणि सरकार बनलं. सहा कोटींच्या देशाचं सरकार!

पण हे व्यासपीठ पक्षाच्या मालकीचं नव्हतं. ते चालवायची एक वेगळी संस्था, आणि तिची सूत्रं कासालेज्जोंच्या मुलाकडे. २०२१ मध्ये पक्ष आणि संस्था यांचं बिनसलं, तेव्हा पक्षाला आपल्याच सदस्यांची यादी मिळेना! शेवटी देशाच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने आदेश दिला, तेव्हा ती मिळाली. मिशेल्सच्या काळी सत्ता पक्षाच्या कार्यालयात जमा व्हायची. आता ती सर्व्हरच्या किल्लीत जमा होऊ शकते.

बर्लिनच्या चौघांना ही भीती आधीपासून होती. सर्व्हर चालवणाऱ्याने आकडे बदलले, तर कळणार कसं? त्यांचं उत्तर सरळ होतं. प्रत्येक मत नावासकट उघडं ठेवा. मी काय मत दिलं, ते मला ठाऊक आहे. यादीत तेच दिसलं, की माझी खात्री पटली. प्रत्येकाने आपलं तपासलं, की बेरीज कोणीही करू शकतो. पण मत गुप्त केलं, की ही तपासणी सामान्य माणसाच्या हातातून निसटते. मग यंत्रावर आणि यंत्रवाल्यावर विश्वास टाकण्यावाचून गती नाही.

हा काही चार प्रोग्रॅमरचा हट्ट नव्हता. ३ मार्च २००९ रोजी जर्मनीच्या संवैधानिक न्यायालयाने एका बाप-लेकाच्या तक्रारीवरून निकाल दिला होता, की २००५ च्या निवडणुकीत वापरलेली मतदान यंत्रं घटनेला धरून नाहीत. कारण? कोणतंही विशेष ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मोजणी पडताळता आली पाहिजे. यंत्राच्या पोटात काय चाललंय, ते त्याला दिसत नाही.

आता पायरेट मंडळींची कोंडी बघा. ज्यांचा पक्ष जन्मला तोच माणसाचं खासगीपण जपण्यासाठी, त्यांनी आपलं प्रत्येक राजकीय मत नावासकट कायमचं उघडं ठेवायचं? वीस वर्षांनी ते कोणी धुंडाळलं तर? टोपणनाव घ्यावं, तर एका माणसाची दोन खाती नाहीत, हे कोण तपासणार? गुप्तता हवी, पडताळणी हवी आणि हे सगळं घरबसल्या संगणकावर हवं. तिन्ही एकदम हातात येईनात. दोन धरली की तिसरं सुटतं. दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक होती आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं. म्हणूनच हा वाद इतका पेटला.

तोवर लिक्विडफीडबॅकचा कौल पक्षाच्या सभेपुढे शिफारस म्हणून जायचा. तो बंधनकारक व्हावा, पक्षाची सभा कायम ऑनलाइन भरलेली असावी, असा ठराव २०१३ च्या मे महिन्यात बव्हेरियातल्या नॉयमार्क्ट गावी आला. या पक्षाच्या अधिवेशनाला प्रतिनिधी नसत, येईल त्या प्रत्येक सदस्याला मत असे. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं प्रवास करून आली, एका छपराखाली बसली, तासन्‌तास भांडली. ठरावाला दोन तृतीयांश मतं लागणार होती. ती थोडक्यात हुकली.

चार महिन्यांनी, २२ सप्टेंबरला, जर्मनीच्या संसदेची निवडणूक झाली. पायरेट पार्टीला २.२ टक्के मतं पडली. संसदेत जायला पाच टक्के लागतात. ती मतं मतदारांनी कागदावर फुली मारून दिली होती, आणि संध्याकाळी मतदान केंद्रांची दारं उघडी ठेवून, येईल त्या नागरिकाच्या डोळ्यांदेखत, ती हाताने मोजली गेली.